विहीर, वाट आणि मोटारीची जागा

पूर्वीं घर विकत घेतांना अगर भाड्यानें ठरवितांना वडील माणसें पहिला प्रश्न विचारीत तो हा, कीं "विहिरीस उन्हाळ्यांत पाणी राहतें कां?" शेजार कसा आहे, देऊळ किती लांब आहे, मुलांस शाळा जवळ पडेल कीं नाहीं, हे प्रश्न त्यामागून येत. आजकाल लोणावळ्यासारख्या गांवीं कोणी सदनिका पाहावयास आला, म्हणजे उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकण्यापूर्वींच विचारतो, "पार्किंग आहे ना?" विहिरीची जागा मोटारीनें घेतली, आणि विहिरीवरून जीं भांडणें होत तीं आतां मोटारीच्या जागेवरून होऊं लागलीं. विहिरीच्या भांडणांत कोणाची पाळी केव्हां हें तरी ठरलेलें असे. मोटारीच्या जागेच्या भांडणांत ती जागा मुळांत कोणाची, हेंच दोन्ही पक्षांस पुष्कळदां ठाऊक नसतें.

ज्या घरांत दोन-तीन भाऊ एकत्र नांदतात, एकाची नोकरी पुण्यास व दुसऱ्याची मुंबईस आहे, आणि स्टेशनाजवळ एखादें बिऱ्हाड घ्यावें कीं भाड्यानें करावें असा विचार चालला आहे, अशा घरांस हा विषय क्षुल्लक वाटूं नये. घराच्या किंमतीचा एक मोठा हिस्सा या साडेबारा चौरस मीटरांत अडकलेला असतो, आणि शेजारधर्माचा तर त्याहूनहि मोठा. आमच्या अनुभवाचा कांहीं भाग आम्हांस भूषणावह नाहीं. तरीहि तो सांगितल्यावांचून विषय पुरा होणार नाहीं.

स्टेशनाजवळचें बिऱ्हाड

लोणावळ्याचें बहुतेक वैभव आगगाडीबरोबर आलें. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला. बोरघाटांतील चढण पुरी व्हावयास १८६३ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांत मुंबईकडील उतारू खोपोलीस उतरून पालखींत अगर तट्टावर बसून घाट चढत. पुढें १९३० सालीं डेक्कन क्वीन धांवूं लागली, आणि १९७८ सालीं पुणें-लोणावळा लोकल सुरू झाली. या लोकलनें मावळचें जीवन जितकें पालटलें तितकें दुसऱ्या कशानेंहि नाहीं. मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव अशीं स्टेशनें घेत सुमारे ६४ किलोमीटरांची ही वाट लोकल दीड तासाच्या आंत कापते. चिंचवडास कारखान्यांत, शिवाजीनगरास कचेरींत अगर पुण्यास कॉलेजांत जाणारा मनुष्य सकाळीं लोणावळ्याहून निघून रात्रीं जेवावयास घरीं परत येऊं शकतो.

त्यानंतर मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग आला. २००२ सालीं तो पूर्णपणें खुला झाला, आणि दुसरा एक वर्ग गांवांत शिरला. मुंबईकर गृहस्थ मोटारींत बसून शुक्रवारीं रात्रीं येतो व रविवारीं परत जातो. त्यानें येथें सदनिका घेतली ती हवेसाठीं. वर्षाचे बहुतेक दिवस ती बंद असते.

याप्रमाणें भांगरवाडी, गवळीवाडा, तुंगार्ली, वळवण या भागांतील एकाच इमारतींत आज दोन प्रकारचे लोक शेजारीं शेजारीं आहेत. एकाचें घर आहे, पण तो तेथें राहत नाहीं. दुसरा तेथें राहतो, पण घर त्याचें नाहीं. पहिल्याच्या नांवें खालीं खांबांमधली छपराखालची जागा असते; दुसऱ्याची दुचाकी जिन्यापाशीं अंग चोरून उभी असते. आमच्या गांवीं वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आषाढ-श्रावणांत उघड्यावर गाडी ठेवणें म्हणजे यंत्रांत पाणी व पत्र्यास गंज, हें निराळें सांगावयास नको. दुसऱ्या गांवीं जी सोय म्हणून गणली जाईल, ती येथें चार महिने गरज होऊन बसते.

आमच्या हातून घडलेली चूक

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या इमारतीच्या समितीचें चिटणीसपद आमच्याकडे होतें. इमारत स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण गृहस्थ पत्नी व आईसह भाड्यानें राहत असे. तो सकाळच्या लोकलनें चिंचवडास जाई, संध्याकाळीं परत येई. त्यामुळें दोन वर्षें त्यास वाहनाची गरज भासली नाहीं. पुढें त्याच्या मातोश्रींस आठवड्यांतून दोन वेळां डायलिसिससाठीं तळेगांवास न्यावें लागूं लागलें. उपचारानंतर लोकलच्या गर्दींतून त्यांस आणणें अशक्य झालें, तेव्हां त्यानें एक जुनी लहान मोटार घेतली आणि ती लावण्यास जागा मिळावी म्हणून समितीकडे अर्ज केला.

समितींत आम्ही पांचजण होतों. "भाडेकरू हा सभासद नव्हे, सबब त्यास जागा देतां येत नाहीं," असा ठराव एकमतानें झाला, आणि तो आम्हींच सुवाच्य अक्षरांत लिहून त्याच्या हातीं दिला. त्यानें वाद घातला नाहीं. "बरं आहे सर," इतकेंच म्हणून तो जिना चढून गेला. त्या वेळीं तळमजल्यावर एका मुंबईकर सभासदाच्या नांवें दोन जागा होत्या. दोहोंसहि सांखळी व कुलूप होतें. त्या सांखळ्या आम्ही येतां-जातां रोज पाहत होतों. पण ठराव लिहितांना त्या आमच्या डोळ्यांपुढें आल्या नाहींत.

आषाढांतील एका सकाळीं आम्ही गॅलरींत उभे होतों. पाऊस मुसळधार कोसळत होता. त्या गृहस्थानें गाडी रस्त्याच्या पलीकडे बरीच लांब लावली होती, ती आणावयास तो गेला होता. त्याच्या मातोश्री इमारतीच्या फाटकाशीं एका हातानें भिंत धरून व दुसऱ्या हातानें छत्री धरून उभ्या होत्या. रस्त्यावर सहलीस आलेल्यांच्या मोटारींची रांग लागल्यामुळें गाडी यावयास वीस-पंचवीस मिनिटें लागलीं. तितका वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मागें दहा पावलांवर त्या दोन जागा कोरड्या ठणठणीत होत्या.

वर्ष पुरें झाल्यावर तें कुटुंब तळेगांवास राहावयास गेलें. निघतांना तो गृहस्थ आमच्या पायां पडून गेला, हें आम्हांस अधिकच लागलें. त्यानंतर आम्हीं प्रथमच संस्थेचे उपविधि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, आणि त्या मुंबईकर सभासदास सर्व हकीकत कळविणारें पत्र लिहिलें. तिसऱ्या दिवशीं त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "अहो, माझी एक जागा तर वर्षानुवर्षं रिकामीच असते. त्यांनीं खुशाल लावली असती. मला कोणीं विचारलंच नाहीं!"

विकत घेणाऱ्यानें काय पाहावें

उपविधि व कायदा यांचें जें सार आम्हांस समजलें तें येथें देतों. प्रथम विकत घेणाऱ्याची बाजू.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं "मी बिल्डरला पार्किंगचे पैसे दिले, म्हणून तेवढी जमीन माझी." ही समजूत जशीच्या तशी खरी नाहीं. सदनिकांच्या विक्रीसंबंधींचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा आहे. त्या कायद्याखालीं नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था हा मुंबईंतील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं इमारतीच्या खांबांमधली जागा, जिला लोक स्टिल्ट म्हणतात, ती व उघडें आवार हीं सामायिक आहेत. तीं 'गॅरेज' नव्हेत, आणि बांधणाऱ्यास तीं सदनिकेप्रमाणें स्वतंत्र विकतां येत नाहींत. संस्था स्थापन झाली म्हणजे या जागांची व्यवस्था संस्थेकडे येते.

पुढें २०१६ सालीं स्थावर मालमत्तेचा नवा केंद्रीय कायदा आला, ज्यास सर्व लोक 'रेरा' या नांवानें ओळखतात. महाराष्ट्रांत त्याचा अंमल मे २०१७ पासून पूर्णपणें सुरू झाला. या कायद्यानेंहि उघड्या वाहनतळाची गणना सामायिक क्षेत्रांतच केली आहे, आणि गॅरेज म्हणजे छप्पर व तीन बाजूंस भिंती असलेली जागा, अशी त्याची व्याख्या केली आहे. महारेरा प्राधिकरणानें जुलै २०२१ मध्यें परिपत्रक काढून स्पष्ट केलें कीं उघड्या जागेबद्दल बांधणाऱ्यानें पैसे घेऊं नयेत. गॅरेज अगर आच्छादित जागा मोबदला घेऊन द्यावयाची असेल तर ती विक्रीच्या करारांत नमूद करावी. एप्रिल २०२४ मध्यें प्राधिकरणानें आणखी बजावलें कीं अशा जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची व इमारतींतील ठिकाण हें सर्व करारास जोडलेल्या परिशिष्टांत आलें पाहिजे. याचें कारण अनुभवांत आहे. कागदावर जागा असते, परंतु प्रत्यक्षांत मध्यें खांब येतो; मोटार आंत शिरते, पण दार उघडत नाहीं.

तेव्हां नवी सदनिका घेणाऱ्यानें टेप घेऊन स्वतः खालीं उतरावें. मोठ्या मोटारीस अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा लागते. दुचाकीस एक मीटर रुंद व दोन मीटर लांब पुरते. जुनी सदनिका घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर न जातां संस्थेकडून लेखी विचारून घ्यावें, कीं ही जागा मूळ करारांतील आहे कीं संस्थेनें वाटून दिलेली आहे. हा भेद फार महत्त्वाचा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें संस्थेनें वाटून दिलेली जागा सभासदास विकतां येत नाहीं. ज्या सभासदाकडे वाहन आहे त्यास सामान्यतः एकच जागा मिळते. जागा उरल्या तर दुसरी मिळूं शकते, पण ती वर्षावर्षाच्या बोलीनें, आणि ज्या सभासदास एकहि जागा मिळालेली नाहीं त्याची गरज उभी राहीपर्यंतच. अर्जदार अधिक व जागा थोड्या असें झाल्यास चिठ्ठ्या टाकून वांटणी करावी, असेंहि तेथें म्हटलें आहे.

आमच्या इमारतींतील ती दुसरी सांखळी या नियमानें दरवर्षीं तपासून पाहणें आमचें कर्तव्य होतें. त्या भाडेकरूच्या घरमालकानें आपल्या नांवें अर्ज केला असता, तर समितीस निदान विचार तरी करावा लागला असता. तें आम्हीं त्यास सुचविलें नाहीं, कारण उपविधींतील तें पान आम्हीं वाचलेलेंच नव्हतें.

ज्या घरांचे जुने वाडे अगर बंगले आज पुनर्विकासास जात आहेत, त्यांच्यासाठीं एक सूचना येथेंच करून ठेवतों. तीन भावांच्या वांट्यास तीन सदनिका येतात, आणि पार्किंगच्या जागा दोनच असतात अगर एक छपराखालीं व दोन उघड्यावर असतात. सदनिकांची वांटणी वडिलांच्या देखत, पेढे वांटून होते. जागांची वांटणी 'नंतर पाहूं' म्हणून राहते, आणि पहिल्या पावसाळ्यांत जावाजावांचें बोलणें बंद होतें. सदनिकेबरोबर जागेचा क्रमांकहि त्याच करारांत लिहून घ्यावा.

बिऱ्हाडकरूचा हक्क कोठून येतो

आतां भाड्यानें राहणाऱ्याची बाजू. उपविधि बोलतात ते सभासदाविषयीं. भाडेकरूस संस्थेकडे स्वतःच्या नांवानें जागा मागण्याचा हक्क नसतो. त्याचा जो कांहीं अधिकार आहे तो घरमालकाच्या द्वारें व कराराच्या आधारें येतो. म्हणून करार करतांनाच सर्व कांहीं लिहून घेतलें पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा अगर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्या करारांत पंखे किती, नळ किती, गिझर कोणता, याची यादी काळजीपूर्वक केलेली आढळते. जागेविषयीं मात्र एक ओळहि नसते.

ती ओळ अशी असावी: घरमालकाच्या नांवें अमुक क्रमांकाची जागा आहे, ती भाडेकरू वापरील, तिचें शुल्क अमुक पक्ष भरील, आणि घरमालक स्वतः मुक्कामास येईल तेव्हां कोणाची गाडी कोठें राहील. हें शेवटचें कलम लोणावळ्यापुरतें विशेष अगत्याचें आहे, कारण येथील पुष्कळ घरमालकांची त्याच इमारतींत स्वतःसाठीं राखलेली दुसरी सदनिका असते. घरमालकाची स्वतःची जागाच नसेल, तर तेंहि स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावें आणि त्या मानानें भाडें कमी ठरवावें. घरमालकानेंहि लक्षांत ठेवावें कीं भाडेकरू ठेवल्याबद्दल संस्था त्याच्याकडून जें बिनभोगवटा शुल्क घेते, तें शासनाच्या २००१ सालच्या आदेशाप्रमाणें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असूं शकत नाहीं. तें तो भरीत असेल, तर संस्थेच्या दृष्टीनें त्याच्या घरांतील माणसें उपरीं राहत नाहींत.

घरमालकांची व कायम राहणाऱ्या सभासदांची तक्रार अगदींच निराधार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कर्जाचे हप्ते ते भरतात, इमारतीची दुरुस्ती त्यांच्या पैशानें होते, आणि अकरा महिन्यांनीं बदलणाऱ्या बिऱ्हाडांमुळें फाटकांतून आंत येणारी गाडी आपल्यांतली कीं परक्याची, हें त्यांस कळत नाहीं. शिवाय आमच्या गांवीं दिवसाच्या बोलीनें सदनिका देण्याची चाल पडली आहे. शनिवारीं दुपारीं एका सदनिकेंत दहा पाहुणे व तीन मोटारी येतात, वाटेल तशा लागतात, आणि रात्रीं एखाद्या आजाऱ्याची गाडी बाहेर काढावयाची झाल्यास वाट नसते. या त्रासानें गांजलेली समिती मग सर्वच भाडेकरूंस एकाच मापानें मोजूं लागते. आम्हींहि तेंच केलें होतें. दोन दिवसांचा पाहुणा व दोन वर्षें राहणारा शेजारी या दोघांस एकच नियम लावणें हा न्याय नव्हे.

मोटार पाहिजे कीं नाहीं?

इतका वेळ आम्ही जागा कोणाची, याचाच विचार करीत होतों. पण स्टेशनाजवळ राहणाऱ्यानें त्याच्याहि आधीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: मोटार पाहिजेच कशास? आम्ही जन्मभर गणित शिकविलें, म्हणून थोडा हिशेब मांडतों. यांतील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, आच्छादित जागेसाठीं तीन लाख रुपये द्यावे लागतात. सात टक्क्यांनीं त्याचें व्याज वर्षास २१,००० रुपये होतें. जो मनुष्य रोज येथें राहतो, त्यास ती जागा दर रात्रीं सुमारे ५८ रुपयांस पडते. जो महिन्यांतून दोनदां दोन-दोन रात्रींसाठीं येतो, त्याच्या वर्षाच्या रात्री भरतात ४८. त्यास तीच जागा दर रात्रीं सुमारे ४३८ रुपयांस पडते, आणि उरलेल्या ३१७ रात्रीं ती कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. जो रोज लोकलनें जातो व ज्याच्या घरीं मोटार मुळींच नाहीं, त्यानें जागेसह सदनिका घेतली तर वर्षास २१,००० रुपये तो रिकाम्या फरशीस वाहतो. एका मोटारीच्या जागेंत सहा दुचाक्या राहतात, हेंहि त्यानें ध्यानांत घ्यावें. लोकलच्या वाटेवर कोणत्याहि स्टेशनाबाहेर सकाळीं नजर टाकल्यास दुचाक्यांच्या रांगा दिसतात. मावळचा खरा प्रवासी दुचाकी व लोकल यांच्या जोडीवर चालतो.

हा विचार आतां परदेशांतहि होऊं लागला आहे. अमेरिकेंतील अध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालीं 'दि हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हा मोठा ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं फुकट वाटणारी जागा फुकट नसते. तिची किंमत घराच्या भावांत व भाड्यांत मिसळलेली असते, आणि ज्याच्याकडे वाहन नाहीं तोहि ती भरतो. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२२ सालीं कायदा केला, आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आंतील इमारतींवर अमुक इतक्या जागा ठेवल्याच पाहिजेत अशी सक्ती करण्यास नगरपालिकांना सामान्यतः मनाई झाली. महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रीकृत विकास नियमावलींत सदनिकेच्या आकारमानाप्रमाणें मोटारी व दुचाक्या यांच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत. त्या जागा बांधाव्या लागतात, आणि बांधल्या कीं त्यांचा खर्च कोणाच्या तरी माथीं बसतो.

जपानची तऱ्हा याहून निराळी. तेथें १९६२ सालापासून असा कायदा आहे कीं मोटार नोंदवावयाची तर ती ठेवण्यास जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी लागते. जागा स्वतःची नसेल, तर जागामालकाचें संमतिपत्र जोडलें म्हणजे काम होतें. दाखला मालकीचा नव्हे, वापराचा मागितला जातो. त्यामुळें मालक व भाडेकरू यांच्यांत त्या दाखल्यापुरता भेद राहत नाहीं.

विहिरीचा न्याय

जपानी कायद्यांतील हा मुद्दा वाचतांना आम्हांस आपल्या धर्मशास्त्राची आठवण झाली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जेथें दायविभागाचा विचार आहे, तेथें भावांनीं कोणत्या वस्तु वांटून घेऊं नयेत याची गणना केलेली आहे. तींत पाणी आहे व 'प्रचार' आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेंत, जी आपल्या प्रांतीं हिंदु कायद्याचा आधार मानली गेली, विज्ञानेश्वर याचा खुलासा करतात. प्रचार म्हणजे घरांत व बागेंत जाण्यायेण्याची वाट; आणि पाणी म्हणजे विहीर वगैरे. विहीर एक व भाऊ तीन असतील, तर तिची किंमत करून तुकडे पाडावयाचे नाहींत. तिचा उपभोग पाळीपाळीनें घ्यावयाचा. शेत वांटतां येतें, भांडीं वांटतां येतात, पण वाटेवर भिंत घातली तर ती वाट राहत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं इमारतीच्या खांबांमधल्या जागेस सामायिक ठरविलें, आणि उपविधींनीं दुसरी जागा वर्षाच्या बोलीवर ठेवली, त्यांत आम्हांस हाच जुना विचार दिसतो. घर हें मालकीचें; त्याबद्दल वाद नाहीं. परंतु मोटारीची सामायिक जागा विहिरीच्या जातीची आहे, आणि तिचा न्याय पाळीचा आहे. ज्याची पाळी नाहीं त्यानें पोहरा अडकवून ठेवूं नये. जुन्या वाड्यांत परसांतील विहिरीवर मालकाइतकेंच बिऱ्हाडकरूंचेंहि पाणी चाले. बिऱ्हाडकरू आहे म्हणून कोणी त्यास तहानलेला ठेवीत नसे.

आमच्या संस्थेंत पुढें हें असें अंमलांत आलें. दरवर्षीं चैत्रांत सर्व सभासदांस पत्र जातें व प्रत्येकजण आपली जागा वर्षांतील कोणत्या दिवसांत रिकामी असेल हें कळवितो. तीं नांवें फलकावर लागतात. सोमवार सकाळपासून शुक्रवार दुपारपर्यंत ज्या जागा मोकळ्या आहेत त्या, सभासदाच्या लेखी संमतीनें, इमारतींत राहणाऱ्या ज्या कुटुंबास गरज असेल त्यास वापरावयास मिळतात. मग तें कुटुंब मालकाचें असो वा भाडेकरूचें. आजारी, वृद्ध व गरोदर माणसें असलेल्या घरांचा विचार प्रथम होतो. सभासद येणार असला तर आदल्या दिवशीं फोन करतो. जागेचा हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहतो, आणि संमति केव्हांहि परत घेतां येते. दिवसाच्या बोलीनें येणाऱ्या पाहुण्यांस ही सवलत नाहीं. त्यांच्या गाड्यांची सोय बाहेर करण्याची जबाबदारी सदनिका देणाऱ्यावर टाकली आहे. ठरावास दोघांनीं विरोध केला. त्यांतील एकजण पुढल्याच पावसाळ्यांत पायाचें हाड मोडून घरीं बसले, आणि दाराशीं गाडी लागावी म्हणून शेजाऱ्याची जागा मागावयास त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. ती त्यांस त्याच दिवशीं मिळाली.

हें सर्व झालें त्यास एका मुंबईकर गृहस्थाचें मन मोठें होतें हें कारण आहेच. पण तें मन मोठें आहे हें कळावयास आम्हांस एक पत्र लिहावें लागलें, आणि तें पत्र आम्हीं वर्षभर उशिरां लिहिलें. ज्या वाचकांच्या घरीं कोणी संस्थेच्या समितीवर असतील, त्यांस आमची इतकीच विनंति आहे कीं पुढल्या सभेपूर्वीं त्यांनीं एकदां तळमजल्यावर फेरी मारावी, कोणत्या जागा किती दिवस रिकाम्या आहेत हें पाहावें, आणि नकाराचा ठराव लिहिण्याआधीं ज्याची जागा आहे त्यास विचारून पाहावें.

त्या तरुण गृहस्थास आम्हीं नव्या व्यवस्थेविषयीं कळविलें होतें. त्याचें उत्तर आलें, कीं तळेगांवचें घर बरें आहे, स्टेशनहि जवळ आहे, आणि आईस आतां आठवड्यांतून तीन वेळां न्यावें लागतें. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, कीं येथें गाडी दाराशीं लागते.